सेवापुस्तकाबाहेरचे आयुष्य



वारज्याच्या व्याख्यानमालेतले यंदाचे हे पुष्प शांताबाई कृष्णाजी कांबळे यांच्या स्मरणार्थ गुंफावे, असे संयोजकांनी सुचवले आणि मी आनंदाने होकार दिला. शांताबाई सोलापूर जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षिका. १ मार्च १९२३ रोजी महूद गावी त्यांचा जन्म झाला आणि २५ जानेवारी २०२३ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्या गेल्या. मराठी वाचक त्यांना ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या आत्मकथनामुळे ओळखतो. दलित स्त्रीने लिहिलेले पहिले आत्मकथन म्हणून त्याचा मान मोठा आहे. मी मात्र आज त्यांच्याकडे एक निवृत्त शिक्षिका म्हणून पाहणार आहे. नोकरी संपल्यावर त्या घरी बसल्या आणि त्यांनी आपले आयुष्य लिहून काढले. त्यांच्या पिढीतल्या हजारो गुरुजींनी आणि बाईंनी ते केले नाही. त्यांना करायला कोणी सांगितलेही नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्राथमिक शिक्षकाने जन्मभर गावाच्या नोंदी ठेवल्या. कोण केव्हा जन्मले, कोण शाळेत आले, कोणाची शाळा सुटली, गावात माणसे किती, मतदार किती, हे सगळे त्याच्या अक्षरात लिहिले गेले. त्याच्या स्वतःच्या आयुष्याची नोंद मात्र एका सेवापुस्तकापलीकडे कुठेही नाही. ती पिढी आता आपल्यातून जात आहे. ती नोंद करायची असेल तर आत्ताच करावी लागेल.

हा विषय वारज्यात मांडण्याला कारण आहे. १९९७ साली वारजे पुणे महानगरपालिकेत आले. त्याआधी ते हवेली तालुक्यातले, मुठेकाठचे एक गाव होते. आज गणपती माथ्यापासून महामार्गाच्या पुलापर्यंत फिरले तर शेत शोधावे लागते. या बदलामुळे इथे दोन प्रकारचे निवृत्त शिक्षक भेटतात. एक, वारजे, शिवणे, कोंढवे या पट्ट्यातल्या शाळांत जिल्हा परिषदेच्या काळात ज्यांनी शिकवले ते. दुसरे, सातारा, सोलापूर, बीड, धाराशिव, नगर अशा जिल्ह्यांतल्या लहान गावांत नोकरी पुरी करून मुलामुलींच्या मागे इथे राहायला आलेले. मुलगा हिंजवडीला जातो, सून कोथरूडला, आणि गुरुजी सोसायटीच्या बाकावर बसलेले असतात. शेजाऱ्यांना ते ‘अमक्याचे बाबा’ म्हणून ठाऊक असतात. ज्या गावात त्यांनी पस्तीस वर्षे काढली, तिथे त्यांना पाहून माणसे सायकलवरून उतरत असत, हे या सोसायटीत कोणाला माहीत नसते.

प्राथमिक शिक्षकाचे गावातले स्थान कसे असावे, याचा विचार आपल्या पुण्यात फार पूर्वी झाला आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. शिक्षकाविषयी ते काय म्हणाले हे कमी सांगितले जाते. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल, असे त्यांचे मत होते. त्याचा पगार महिना १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा, असे त्यांनी आकड्यानिशी मांडले. आणि पुढे सुचवले की शिक्षकाला गावच्या कारभारातही जागा द्यावी. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपाल सांभाळणे ही कामे त्याच्याकडे दिली तर त्याची प्रतिष्ठा वाढेल.

ही सूचना वेगळ्या वाटेने खरी झाली. स्वातंत्र्यानंतर कितीतरी खेड्यांत शाखा टपालघर गुरुजींच्याच ताब्यात असे. मुंबईहून गिरणीतल्या मुलाची मनिऑर्डर आली की म्हातारीला पैसे मोजून देणारे गुरुजी, तिचे पत्र वाचून दाखवणारे गुरुजी आणि उत्तर लिहून देणारेही गुरुजीच. गावातल्या प्रत्येक घराचे दुखणे, कर्ज, भांडण आणि लग्न त्यांना आधी कळे. ते पोटात ठेवणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

पुढे जनगणना आली, निवडणुका आल्या, मतदारयाद्या आल्या, कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत असे म्हटले. फुल्यांनी सुचवलेल्या कामांत मान होता. नंतर लादलेल्या कामांत तो राहिला नाही. शिक्षकसंघटना या कामांविरुद्ध बोलतात तेव्हा त्या कामचुकारपणा करत नाहीत, एवढे आपण समजून घ्यायला हवे.

जी पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे, तिची जडणघडण कशी झाली? सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, पास झालेला मुलगा लोकल बोर्डाच्या शाळेत रुजू होई. मग ज्युनिअर, सीनिअर पीटीसी. पुढे डीएड आले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि लोकल बोर्डाचे मास्तर झेडपीचे गुरुजी झाले. शाळा बहुधा एकशिक्षकी. देवळात, चावडीत नाहीतर एखाद्याच्या पडवीत भरणारी. एका खोलीत चार वर्ग, चौथीला गणिते घालून द्यायची, तिसरीला पाढे म्हणायला लावायचे, दुसरीला शुद्धलेखन द्यायचे आणि पहिलीच्या पोराचा हात धरून पाटीवर ‘ग’ गिरवून घ्यायचा. दिपोटी साहेब तपासणीला येणार म्हटले की आठवडाभर भिंती सारवल्या जात. दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यांतली शक्यतो एक स्त्री, हे उद्दिष्ट सरकारने खडू-फळा मोहिमेत मान्य केले तोपर्यंत १९८७ साल उजाडले होते. त्याआधीची पिढी एकट्यानेच राबली.

या पिढीच्या हातून एक मोठे सामाजिक काम झाले, ज्याचा आज उल्लेखही होत नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. दिवसा मुलांना शिकवणारे गुरुजी रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांच्या आईबापांना शिकवू लागले. दिवसभर राबून आलेली माणसे, जाड झालेली बोटे, त्या बोटांत धरलेली पेन्सिल. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. १९७२ साली युनेस्कोने या मोहिमेला क्रुप्स्काया पारितोषिक दिले. त्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ होता आणि तेच गुरुजी शाळेत सुकडी वाटत होते. जागतिक पारितोषिक ज्यांच्या श्रमाला मिळाले त्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील?

आता एका तारखेविषयी बोलतो. या सभागृहातल्या ज्येष्ठांपैकी किती जणांची जन्मतारीख १ जून आहे? महाराष्ट्रात अशी माणसे लाखांनी असतील. मूल शाळेत घालायला आणले की आई सांगे, ‘मोठ्या पुराच्या साली’ किंवा ‘थोरलीच्या लग्नानंतर’. गुरुजी अदमास बांधून वर्ष ठरवत आणि जून हा शाळेचा महिना म्हणून १ जून लिहून टाकत. त्या एका ओळीवर पुढे त्या माणसाची नोकरी, पदोन्नती आणि निवृत्ती ठरली. त्याच जनरल रजिस्टरातल्या नोंदी आज जातपडताळणीसाठी शोधल्या जातात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका खेड्यात टाकाने लिहिलेली ती ओळ आज नातवाचा प्रवेश ठरवते. गावाचा लेखी इतिहास कोणी लिहिला, याचे उत्तर या रजिस्टरांत आहे.

गुरुजी स्वतःही बहुधा १ जूनचेच. अठ्ठावन्न पूर्ण झाली की नियमाप्रमाणे आदल्या दिवशी, ३१ मे रोजी, ते निवृत्त होतात. त्या दिवशी शाळा बंद असते. १ मे रोजी निकाल लागतो, मुले मामाच्या गावाला जातात आणि निवृत्तीच्या दिवशी वर्गात कोणीच नसते. तालुक्याला पंचायत समितीत सत्कार होतो, शाल, श्रीफळ, दोन भाषणे. मग सुरू होते ती कागदांची वाट. सेवापुस्तक पूर्ण नाही, एका बदलीच्या वेळची नोंद राहिलेली आहे, वेतनपडताळणी बाकी आहे, चट्टोपाध्याय वेतनश्रेणीचा आदेश सापडत नाही. ज्याने जन्मात एका विद्यार्थ्याचा दाखला अडवला नाही, तो आपल्या उपदानासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालतो. पुढे दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे बँकेत जाऊन सांगायचे. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना तर जुन्या निवृत्तिवेतनाचीही शाश्वती उरली नाही आणि मार्च २०२३ मध्ये त्यासाठी राज्यभर संप झाला. ते प्रश्न गंभीर आहेत, संघटना त्यासाठी लढत आहेत. मला आज बोलायचे आहे ते त्या सेवापुस्तकात कधीच न मावणाऱ्या गोष्टींविषयी.

सेवापुस्तकात काय असते? रुजू दिनांक, वेतनश्रेणी, बदली, रजा. त्यात हे नसते की बदलीच्या गावी जात विचारून खोली नाकारली गेली. त्यात हे नसते की पहिल्या पगारातून बहिणीचे लग्न झाले. ओढ्याला पूर आला तेव्हा मुलांना खांद्यावर घेऊन पलीकडे सोडले, चौथीच्या शिष्यवृत्तीसाठी थंडीत पहाटे घरी बोलावून शिकवले आणि एक पैसा घेतला नाही, हेही नसते. आणि एखाद्या पोराला इतके मारले की ते पुन्हा शाळेत आले नाही, ही म्हातारपणी छळणारी आठवणही त्यात नसते. सगळे गुरुजी थोर नव्हते. काहींनी जात पाळली, काहींनी शाळा वाऱ्यावर सोडली. म्हणूनच खरी नोंद हवी. केवळ गौरवांक काढून भागणार नाही.

अशी खरी नोंद कशी असते ते शांताबाईंनी दाखवले. महार मुलांना शाळेत वेगळे बसवण्याचा तो काळ. मुलीने शिकायचे हीच नवलाची गोष्ट, त्यात महारवाड्यातल्या मुलीने. आये-आप्पांनी पोटाला चिमटा घेऊन तिला शिकवले. पुस्तक त्यांनी या आये-आप्पांनाच अर्पण केले आहे. लग्न शिक्षकाशी झाले. पुढे पतीने दुसरी बायको केली तेव्हा शांताबाई माहेरी परतल्या. १९४२ मध्ये त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या, जिल्ह्यातल्या पहिल्या दलित शिक्षिका. दहा वर्षे नोकरी झाल्यावर १९५२ मध्ये प्रशिक्षणासाठी त्या आपल्या पुण्यात, स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात आल्या. पुढे सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. ज्या व्यवस्थेने त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच व्यवस्थेतल्या शाळा तपासायला त्या अधिकारी म्हणून गेल्या. १९८१ साली त्या निवृत्त झाल्या.

आणि मग त्या लिहू लागल्या. ‘पूर्वा’ या नियतकालिकातून ते लेखन क्रमशः आले, पुस्तक झाले. १९९० मध्ये मुंबई दूरदर्शनवर ‘नाजुका’ ही मालिका त्यावरून आली. अभ्यासक शर्मिला रेगे यांनी २००६ मधल्या आपल्या ग्रंथात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा विचार केला, त्यात शांताबाईंना महत्त्वाचे स्थान दिले. शांताबाईंचे चिरंजीव, कवी आणि दलित पँथरचे नेते अरुण कांबळे २००९ मध्ये गेले. ते दुःख पचवून शांताबाई पुढे तेरा वर्षे जगल्या.

या पुस्तकाचे मला सर्वांत मोठे वाटते ते धैर्य. शिक्षकाला घर नीटनेटके दाखवण्याची सवय असते. गाव त्याच्याकडे पाहत असते. म्हणून तो आपल्या घरातली भूक, अपमान, मोडलेला संसार झाकून ठेवतो. शांताबाईंनी काही झाकले नाही. जन्मभर मुलांचे शुद्धलेखन तपासणाऱ्या या बाईंनी आपली कथा मात्र आपल्या घरच्या, माणदेशी वळणाच्या बोलीत सांगितली. त्या कथेतल्या नाजा नावाच्या मुलीची भूक त्या बोलीतच खरी लागते. जवळजवळ चाळीस वर्षे नोकरी केलेल्या व्यक्तीने नोकरीचा बडेजाव न करता आपल्या आईबापांच्या कष्टांपासून सुरुवात करावी, यात शिक्षकाचे खरे शहाणपण आहे.

त्याच माणदेशातली दुसरी कृती आठवा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आपल्या सगळ्यांच्या मनात घर करून आहे. पण तो तरुण आहे. आपल्या साहित्यात शिक्षक बहुधा असाच दिसतो, नवा रुजू झालेला, उत्साही, गावाशी झुंजणारा. तो साठीला आल्यावर काय झाले, हे आपण फारसे विचारले नाही. शांताबाईंचे पुस्तक म्हणूनही वेगळे आहे. त्यात आयुष्य मागे वळून पाहिलेले आहे आणि पाहणारी नजर सेवा पूर्ण केलेल्या बाईंची आहे.

निवृत्तीनंतरचे आयुष्य म्हणजे उरलेले आयुष्य, ही समजूत सोडून द्यायला आपल्याला लांब जायला नको. वारज्याला लागूनच हिंगणे आहे, आजचे कर्वेनगर. १९०० साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठीचा आपला आश्रम तिथे हलवला. १९१४ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. महिला विद्यापीठाचे काम त्यानंतरचे, १९१६ चे. आणि १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा काढायची, हा त्याचा हेतू. विद्यापीठ स्थापन केलेला माणूस म्हातारपणी पुन्हा पहिलीच्या वर्गाकडे वळला, याचा अर्थ त्याला पाया कुठे आहे ते कळले होते. कर्व्यांनी आपले आत्मवृत्तही लिहून ठेवले, म्हणून हे सगळे आपल्याला माहीत आहे. शांताबाईंनी लिहिले, म्हणून महूदच्या नाजाची शाळा आपल्याला माहीत आहे. ज्यांनी लिहिले नाही त्यांचे काम त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणीपुरते उरले आहे, आणि ते विद्यार्थीही आता साठीत आहेत.

म्हणून वारजेकरांपुढे तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, इथल्या निवृत्त शिक्षकांना. गुरुजी, बाई, आपण लिहा. साहित्य लिहायचे नाही, हकिगत लिहायची आहे. पहिल्या दिवशी शाळेत किती मुले होती? त्यांत मुली किती? कोणत्या वस्तीतली मुले येत नव्हती, आणि का? पगार किती होता, तो कुठे मिळे, त्यातून घरी किती जाई? गावाने आपल्याला कसे वागवले, आपण गावाला कसे वागवले? वारज्याच्या आणि मुठेकाठच्या शिक्षकांना तर एक खास प्रश्न आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले आणि पाणी खडकवासल्यावरून याच पात्राने पुण्याकडे गेले. त्यानंतर शाळा केव्हा भरली, किती मुले परत आली? पुण्याच्या पुराबद्दल पुष्कळ लिहिले गेले. नदीकाठच्या गावशाळांचे काय झाले ते सांगणारे कोणी या सभागृहातही असेल. प्रमाण भाषेची काळजी करू नका. आपल्या बोलीत लिहा, हात थरथरत असेल तर बोला.

दुसरी, घरातल्या तरुणांना. तुमच्या हातात मोबाइल आहे. रोज अर्धा तास आजोबांजवळ, आजीजवळ बसा, विचारा आणि ध्वनिमुद्रण करा. त्यांचे सेवापुस्तक, जुने गटफोटो, विद्यार्थ्यांची पत्रे नीट जपा. घर बदलताना पहिल्यांदा रद्दीत जाते ते हेच.

तिसरी, संस्थांना. ज्येष्ठ नागरिक संघांनी, इथल्या वाचनालयांनी आणि महापालिकेच्या शाळांनी एकत्र यावे. गाव पालिकेत आले की झेडपीची शाळा पालिकेकडे जाते आणि या हस्तांतरात जुनी दप्तरे कुठल्या तरी खोलीत गठ्ठ्याने पडतात. त्या रजिस्टरांना वाळवीपासून वाचवा, त्यांची छायाचित्रे घ्या. निवृत्त शिक्षकांना आठवड्यातून एकदा पहिली-दुसरीच्या वर्गात बोलवा. भाषणाला नको, वाचून घ्यायला बोलवा. ज्या मुलाला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, त्याच्याजवळ पाऊण तास बसायला कोणीतरी हवे आहे, आणि ते काम आयुष्यभर केलेली माणसे आपल्या सोसायट्यांच्या बाकांवर बसलेली आहेत.

या व्याख्यानमालेने पुढल्या वर्षी एक सत्र बाहेरच्या वक्त्याला देऊ नये, अशी माझी विनंती आहे. ते वारज्यात राहणाऱ्या निवृत्त प्राथमिक शिक्षकांना द्यावे. त्यांनी आपापले लेखन आणावे, वाचावे आणि आपण ऐकावे. त्यांनी आपल्याला लिहायला शिकवले. त्यांचे लिहून घेणे हे आपले काम आहे, आणि ते याच वर्षी सुरू करा.